परदेशातले घर सांभाळायला जायचे की थांबायचे?

२०२५ सालच्या मे आणि जून महिन्यांत बारामती-इंदापूरच्या आमच्या ओळखीच्या तीन घरांत एकच प्रश्न विचारला गेला. परदेशात राहणाऱ्या मुलाचे, सुनेचे किंवा नणंदेचे घर काही आठवडे सांभाळायला जायचे ठरले आहे. तिकीट निघाले आहे, व्हिसा आला आहे, बॅगेत चटण्या-लोणची भरून झाली आहेत. आणि टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या आहेत. आता जायचे की तिकीट रद्द करायचे?

सहलीला निघालेल्या माणसाला हा प्रश्न फारसा अवघड नाही. दुबई या वर्षी नाही पाहिली तर पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणून तो थांबतो. पण घर सांभाळायला जाणारा माणूस कोणाला तरी शब्द देऊन बसलेला असतो. त्याच्या भरवशावर तिकडे कोणाचे बाळंतपण, कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलांची शाळा ठरलेली असते. त्याने नाही म्हटले की दुसऱ्या घराची घडी विस्कटते. म्हणून हा निर्णय फक्त भीतीचा किंवा धाडसाचा राहत नाही, तो अमानतीचा होतो. आमच्या आणि आणखी दोन घरांनी तो कसा घेतला, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. अशी वेळ पुढे कोणावरही येऊ शकते.

आमच्या घरातला मे महिना

आमची नणंद शारजात राहते. नंदोईंच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया पुण्यात करायचे ठरले होते. इकडे खर्च आवाक्यातला, डॉक्टर माहितीचे आणि रुग्णालयात बसायला इंदापूरचे भाऊ हाताशी. पण त्यांच्या दोन्ही मुलांची शाळा जून अखेरपर्यंत चालू होती. महिनाभर शाळा बुडवून मुलांना आणणे शक्य नव्हते. आमच्या शाळांना मात्र २ मेपासून सुट्टी होती आणि शाळा १६ जूनला उघडणार होत्या. म्हणून ठरले की आम्ही दोघांनी शारजाला जाऊन घर आणि मुले सांभाळायची आणि नणंदेने नवऱ्यासोबत पुण्याला यायचे. तिकीट मुंबईहून १३ मेचे होते.

७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. पुढच्या दोन दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी बंद झाले. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कोणी म्हणे, "आता कुठे निघालात? गप्प घरी बसा." कोणी म्हणे, "शारजात काय लढाई आहे? बिनधास्त जा." दोघांचेही म्हणणे प्रेमापोटी होते, पण दोघांनीही आमचे तिकीट, मार्ग किंवा ऑपरेशनची तारीख विचारली नव्हती.

८ मेच्या रात्री इंदापूरला अम्मींच्या घरी सगळे बसलो. शारजाहून नणंद फोनवर होती. आधी तीच म्हणाली, "भाभी, तुम्हाला भीती वाटत असेल तर स्पष्ट सांगा. मी मनाला लावून घेणार नाही." या एका वाक्याने मश्वरा सोपा झाला. कोणाला कोणाचे मन राखण्यासाठी हो म्हणायची गरज उरली नाही.

मग एक कोरा कागद घेतला. पहिली गोष्ट मार्गाची. बंद झालेल्या विमानतळांत मुंबई नव्हती, पुणे नव्हते, महाराष्ट्रातला एकही नव्हता. पाकिस्तानने २४ एप्रिलपासून भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले होते. त्याचा त्रास दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा होता. मुंबईहून शारजाला जाणारे विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जाते, त्याला त्या आकाशाची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट, काय पुढे ढकलता येते आणि काय नाही. डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, आठ-दहा दिवस चालतील, त्याहून जास्त नको. म्हणजे आमच्याकडे दहा दिवसांची सवड होती.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. आई-वडील भारतात, मुले शारजात आणि मध्येच विमाने बंद पडली तर? अम्मींनी सगळे ऐकून एवढेच म्हटले, "कुछ भी करो, बच्चों को अकेला नको छोडो." मग ठरले की आम्ही शारजाच्या घरात पोहोचल्याशिवाय नणंदेने तिकडून निघायचे नाही. ११ तारखेच्या संध्याकाळी परिस्थिती पाहायची. मुंबईची विमाने बंद झाली असतील तर ऑपरेशन एक आठवडा पुढे. तरीही जमले नाही तर नंदोईंनी एकट्याने यायचे, रुग्णालयात भावांनी बसायचे आणि नणंदेने मुलांपाशी थांबायचे. असे तीन रस्ते कागदावर लिहिले, तेव्हा कुठे सगळ्यांना झोप लागली.

१० मेच्या संध्याकाळी लढाई थांबल्याची घोषणा झाली. निर्णय सोपा झाला हे खरे. पण ती घोषणा झाली नसती तरी काय करायचे ते ठरलेले होते. १३ तारखेला विमानतळावर कडक तपासणी होती. त्या दिवसांत प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगत होते, म्हणून बारामतीहून पहाटेच निघालो आणि अल्लाहच्या कृपेने रात्री मुलांबरोबर जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी नणंद-नंदोई पुण्याला गेले. बकरी ईद तिकडे ६ जूनला झाली, इकडे ७ जूनला. मुलांनी आई-वडिलांशिवायची पहिली ईद फोनवर दोनदा साजरी केली, एकदा तिकडची आणि एकदा इकडची.

ऑपरेशन नीट पार पडले. डॉक्टरांच्या परवानगीने दोघे १० जूनला शारजाला परत आले. आमचे परतीचे विमान १४ जूनचे होते. १२ तारखेला अहमदाबादची भीषण विमान दुर्घटना झाली आणि १३ तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला. इराण, इराक, जॉर्डन यांची आकाशे बंद झाली आणि त्या भागातल्या विमानांचे मार्ग व वेळा बदलल्या. आमचे विमान चार तास उशिरा सुटले. मन धास्तावले होते, पण मुले आता आपल्या आईपाशी होती. १६ तारखेला आम्ही बारामतीत वर्गात उभे होतो.

जूनमधली दोन घरे

परत आल्यावर तोच प्रश्न घेऊन दोन घरे आमच्याकडे आली.

पहिल्या बारामतीच्या एक खाला. वय ६८, रोज इन्सुलिन. सुनेच्या बाळंतपणासाठी बहरीनला दोन महिने जायचे होते. नातवाची ओढ एवढी की त्या म्हणत होत्या, "मौत लिहिली असेल तर बारामतीतही येईल." मौत कोणाच्या हातात नाही हे खरेच. पण औषध आपल्या हातात आहे. आम्ही त्यांना विचारले, "खाला, परतीचे विमान तीन आठवडे मिळाले नाही तर इन्सुलिनचे काय? तुम्ही तिकडे आजारी पडलात तर मुलाने बायकोकडे पाहायचे की तुमच्याकडे?" दुसऱ्या प्रश्नावर त्या गप्प झाल्या. १७ जूनला त्यांनी तिकीट रद्द केले, निम्मे पैसे गेले. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. मुलाला रजेचा अर्ज करायला लावला, बहरीनमध्ये राहणाऱ्या आपल्या भाचीला फोन करून दुपारच्या वेळेचा बंदोबस्त केला आणि महिनाभराचा घरखर्च स्वतः उचलला.

दुसरे घर इंदापूरचे. निवृत्त नवरा-बायको, दोघेही धडधाकट. दोह्यातला मुलगा बायको-मुलांना घेऊन सुट्टीला भारतात येणार होता. मागे घर रिकामे राहील, मांजर आहे, झाडे आहेत, म्हणून या दोघांनी सहा आठवडे तिकडे राहायचे होते. तिकीट २४ जूनचे. इथे अडलेले कामच मुळात छोटे होते. घराला कुलूप लावता येते. मांजर शेजारी सांभाळू शकतो. आम्ही सुचवले की जाऊ नका, पण तिकीट आजच रद्दही करू नका, दोन दिवस थांबा. मुलाने शेजारच्या कोकणी कुटुंबाला चावी आणि मांजर दोन्ही सोपवले. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला. २३ जूनच्या रात्री इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली. कतार, बहरीन, कुवेत आणि अमिरात यांची आकाशे काही तास बंद झाली. एअर इंडियाने त्या भागातली सगळी उड्डाणे थांबवली. २४ तारखेचे त्यांचे विमान कंपनीनेच रद्द केले आणि पैसे पूर्ण परत आले. मुलगा दोन दिवस उशिरा का होईना, इंदापूरला पोहोचला.

एकच प्रश्न, एकच भाग. आम्ही गेलो, खालांनी रद्द केले, इंदापूरकरांनी थांबून पाहिले. तिघांचाही निर्णय योग्य होता असे आम्हाला वाटते, कारण प्रत्येकाने आपल्या घराकडे पाहून तो घेतला.

बातमी कशी वाचावी

टीव्हीवर "आखात पेटले" असे मोठ्या अक्षरांत येते. पण आखात म्हणजे एक देश नव्हे. तेहरान ते दुबई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली एवढे आहे. जून २०२५ मध्ये आपल्या दूतावासाने भारतीयांना तेहरान सोडायला सांगितले होते. शारजा किंवा दुबई सोडायला सांगितले नव्हते. म्हणून पहिला प्रश्न हा, की आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने किंवा त्या देशातल्या दूतावासाने नेमके काय म्हटले आहे? "सावध राहा", "अनावश्यक प्रवास टाळा" आणि "देश सोडा" या तीन वेगळ्या सूचना आहेत.

पण अंतरावर सगळे सोडूनही चालत नाही. अल उदैद तळ दोह्यापासून जवळच आहे आणि तो लक्ष्य झाल्यावर लढाईत नसलेल्या देशांचीही आकाशे बंद झाली. घर सांभाळायला जाणाऱ्याला बॉम्बपेक्षा या बंद आकाशाची शक्यता जास्त असते. त्याची तयारी करायची असते. आपण तिकडे अडकलो तर किती दिवस तग धरू आणि इकडचे घर किती दिवस तग धरेल, हे आधी पाहावे.

आमच्या आधीच्या पिढीला कुवेत आठवते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. तिथले भारतीय रस्त्याने इराकमार्गे जॉर्डनला गेले आणि अम्मानहून विमानांनी परतले. सुमारे दोन महिन्यांत एअर इंडियाच्या साडेचारशेहून अधिक उड्डाणांनी १ लाख ७० हजारांच्या आसपास लोक आणले. २०१५ मध्ये येमेनमधून, २०२३ मध्ये सुदानमधून आणि जून २०२५ मध्ये ऑपरेशन सिंधूतून इराण व इस्रायलमधून भारतीयांना आणले गेले. इराणमधले पहिले विद्यार्थी आर्मेनियामार्गे दिल्लीला उतरले. सरकार आणते, हा मोठा दिलासा आहे. पण त्यासाठी दूतावासाकडे आपले नाव नोंदलेले हवे आणि पासपोर्ट हाताशी हवा. शारजात पहिल्याच दिवशी आम्ही चौघांचे पासपोर्ट एका पाकिटात घातले आणि त्यांचे फोटो इंदापूरला पाठवले.

रद्द करण्याचा हिशेब

पैशाचा विचार करणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. आपल्यासारख्या घरात तिकिटाचे पैसे वर्षभर साठवलेले असतात.

विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा आपल्याकडच्या नियमाने प्रवाशाचा हक्क आहे. युद्धामुळे रद्द झाले तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे बुडत नाहीत. आपण स्वतः रद्द केले तर मात्र तिकिटाच्या अटींप्रमाणे पैसे कापले जातात. म्हणून नक्की जायचे नसले तरी घाईने बटण दाबू नये. आधी कंपनीला किंवा एजंटला विचारावे की तारीख फुकट बदलून मिळते का. अशा काळात अनेक कंपन्या ती सवलत देतात.

प्रवास विमा काढलेला असला तरी त्याचा कागद वाचावा. बहुतेक विम्यांत युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. "विमा आहे ना" म्हणून निर्धास्त होऊ नये.

व्हिसाचे दिवस मोजावेत. अमिरातीचा पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा असतो आणि मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड लागतो. महिनाभर राहायचे असेल तर ६० दिवसांचा घेतलेला बरा. आकाश बंद झाले तर ते जास्तीचे दिवस कामाला येतात.

औषधे राहण्याच्या दिवसांपेक्षा तीन आठवड्यांची जास्त घ्यावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. आपल्याकडे सहज मिळणारी काही वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे तिकडे परवानगीशिवाय नेता येत नाहीत. ट्रॅमाडोल किंवा कोडीन असलेली औषधे विशेषतः पाहून घ्यावीत.

मुले सांभाळायला जाणार असाल तर आई-वडिलांकडून सहीचे पत्र घ्यावे की आमच्या गैरहजेरीत मुलांना दवाखान्यात नेण्याचा अधिकार यांना आहे. त्यांची ओळखपत्रे, विम्याची कार्डे, शाळेचा फोन, इमारतीच्या वॉचमनचा फोन एका वहीत लिहून घ्यावा. युद्ध नसतानाही ही वही उपयोगी पडते. आम्हाला एका तापाच्या रात्री पडली.

जाणे रद्द झाले तरी

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. आपण ती बहुधा स्वतःच्या जिवापुरती लावतो. खालांनी ती पुढेही नेली. त्यांनी प्रवास रद्द केला, पण जिम्मेदारी रद्द केली नाही. ज्याने शब्द दिला आहे, त्याला येता येत नसेल तर दुसरी व्यवस्था होईपर्यंत तो मोकळा होत नाही. पैसे पाठवावेत, माणूस शोधून द्यावा, निदान रोज फोन करावा. रद्द करणे गुन्हा नाही. आदल्या रात्री फोन करून "आमचे जमत नाही" एवढे सांगून गप्प बसणे मात्र बरे नव्हे. नाही म्हणायचे असेल तर लवकर म्हणावे, म्हणजे समोरच्याला हातपाय हलवायला वेळ मिळतो.

बोलावणाऱ्यांचीही जिम्मेदारी आहे. "तुम्ही आला नाहीत तर आमचे कोण?" असे वाक्य युद्धाच्या दिवसांत वापरू नये. वडीलधारी माणसे त्या एका वाक्यासाठी दुखणे लपवून विमानात बसतात. उलट आमच्या नणंदेसारखे आधी म्हणावे की भीती वाटत असेल तर सांगा. तिकिटाचे नुकसान झाले तर ते कोणी सोसायचे हेही आधी बोलून घ्यावे. इंदापूरच्या मुलाने आई-वडिलांना सांगितले होते, "अब्बा, पैसे गेले तर माझे गेले." त्यामुळे त्या दोघांना पैशासाठी जिवावर उदार व्हावे लागले नाही.

आणि जे गेले नाहीत त्यांना भित्रे, जे गेले त्यांना बेफिकीर म्हणू नये. बाहेरच्याला त्या घरातले इन्सुलिन दिसत नाही आणि ऑपरेशनची तारीखही दिसत नाही.

खालांना जुलैमध्ये नात झाली. आता त्या थंडीत, तब्येत पाहून, पंधरा दिवसांसाठी बहरीनला जायचे म्हणत आहेत. डिंकाचे लाडू कोणाबरोबर पाठवता येतील याची चौकशी मात्र त्यांनी आत्तापासूनच सुरू केली आहे.